वाचलेली पंधरा मिनिटे जातात कुठे?

संपादक महोदय, स. न.

नव्या संगणक प्रणालीच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास असते: ‘प्रत्येक कर्मचाऱ्याची रोज १५ मिनिटे वाचतील.’ ४० कर्मचारी म्हणजे रोजचे १० तास. त्याला पगाराच्या दराने गुणले की फायद्याचा रकाना भरला. पगारखर्च मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण ती मिनिटे दिवसभरात विखुरलेली असतात. ओव्हरटाइम घटला, निवृत्ताची जागा भरावी लागली नाही किंवा तेवढ्याच माणसांकडून जास्त बिले निघाली, तरच तो पैसा. ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रिंट सहीला पाठवण्याची पद्धत चालूच राहिली, तर उलट काम वाढते.

खर्चाच्या रकान्यात सॉफ्टवेअरचे परवाने आणि सर्व्हर येतात, कारण त्यांचे कोटेशन हाती असते. एकाच ग्राहकाची तीन स्पेलिंगांनी उघडलेली तीन खाती जुळवणे, प्रशिक्षण, दोन्ही प्रणाली समांतर चालवण्याचे महिने आणि पुढे पुरवठादार बदलताना डेटा सोडवून घेणे, हे कुणी लिहीत नाही.

उशिराचा फटका तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. खर्च १०० आणि पाच वर्षे दरवर्षी ३० निव्वळ फायदा धरा. पुढे मिळणारा पैसा आज हातात असलेल्या पैशापेक्षा कमी मोलाचा; वर्षाला १२ टक्के दराने ती घट धरली तर त्या फायद्याचे आजचे मूल्य सुमारे १०८ होते, प्रस्ताव ८ ने तरतो. पहिले वर्ष रखडण्यात गेले आणि पाचव्या वर्षाअखेर प्रणाली बदलायचीच असली, तर तेच मूल्य ८१ वर येते, म्हणजे १९ चा तोटा. एक्सेलमध्ये हा दुसरा हिशेब दोन मिनिटांचा आहे, पण मंजुरीच्या बैठकीत तो क्वचितच मांडला जातो.

खरेदीआधी निदान चार आठवडे मोजणी करावी: बिल मंजूर व्हायला किती दिवस लागतात, शंभरातली किती चुकीमुळे परत येतात. ही नोंद नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? प्रत्येक फायदा एका विभागप्रमुखाच्या नावावर टाकून त्याच्या पुढच्या बजेटमधून तेवढी रक्कम वजा करावी. (आकडे लगेच खाली येतात!) सहाव्या आणि अठराव्या महिन्यात फेरतपासणी व्हावी, आणि ती खरेदीची शिफारस करणाऱ्याकडे नसावी.

कायद्याने सक्तीच्या किंवा सुरक्षेसाठीच्या प्रणालींना मात्र परताव्याची फूटपट्टी लावू नये. तिथे गरज कमीत कमी खर्चात कशी भागेल, एवढेच पाहावे.

– एक अंतर्गत लेखापरीक्षक