ऊसतोड टोळ्यांतली खरूज: सगळ्यांचा उपचार एकाच रात्री हवा

मा. संपादक,

गळीत हंगामात शिरोळ, करवीरच्या फडांलगत ऊसतोड मजुरांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात. दाटीने झोपणाऱ्यांत खरूज झपाट्याने पसरते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज ही तिची खूण. मलम फक्त खाजेच्या जागी लावलं तर ती हमखास उलटते. ५ टक्के परमेथ्रिनचं (खरजेवरच्या औषधाचं) मलम गळ्यापासून तळव्यापर्यंत, नखांखालीही लावून ८ ते १४ तासांनी अंघोळ करावी. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावावं. आठवड्याने परत एकदा. कोपीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसलेल्यांनीसुद्धा! वाकळा धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर गच्च बांधाव्यात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ डॉक्टरांनाच दाखवावं. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम मलम लागतं. कोपीमागे एक ट्यूब देऊन काय होणार? आरोग्य उपकेंद्रांनी माणसं मोजून द्यावं, ही कळकळीची विनंती.

– आरोग्य कार्यकर्ते, कोल्हापूर