बडोद्याच्या सरांना खुलं आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमच्या विज्ञानकथा फॅन कॉमिकमधलं अवकाशातल्या लढाईचं पान छापून आलं. त्यावर नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून हे जाहीर पत्र. कलाभवनात, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत, मुलांकडून मशीन ड्रॉइंग घोटून घेणाऱ्या माणसानं कॉमिकची पानंही त्याच कसोशीनं तपासावीत, हे आमचं भाग्य.

सगळ्यांत मोठं ऋण लंबवर्तुळांचं. यान तिरकं दिसत असलं की इंजिनांची गोल तोंडं नुसत्या अंदाजानं काढली जातात आणि नळकांडं मोडल्यासारखं दिसतं. आधी नळकांड्याची मध्यरेषा ओढायची, लघु अक्ष (लंबवर्तुळाचा आखूड व्यास) तिच्यावरच, दीर्घ अक्ष (लांब व्यास) तिला काटकोनात, आणि मगच लंबवर्तुळाचं स्टेन्सिल. 30 अंशांच्या लंबवर्तुळात, म्हणजे नजर वर्तुळाच्या पातळीशी 30 अंशांचा कोन करते तेव्हा, लघु अक्ष दीर्घ अक्षाच्या बरोबर निम्मा, ही खूण तर आता हातात बसली आहे. शेजारशेजारच्या समांतर इंजिनांना जवळपास तोच अंश ठेवला, की चारही एकाच यानाची वाटतात.

प्रमाणाचा हिशेबही तुमचाच. 300 मीटरचं यान पानावर 16 सेंटिमीटर आलं, तर त्याच अंतरावरचं 15 मीटरचं लढाऊ विमान 8 मिलिमीटरच येणार. ते दुप्पट काढलं की मोठं यान लगेच खेळण्यातलं दिसतं. विमान मोठं दाखवायचंच असेल, तर ते पुढे आणून मागच्या यानाचा काही भाग त्यानं झाकायचा. पावागड बडोद्यातून निळसर, फिकट दिसतो तो मधल्या हवेमुळे. अवकाशात हवा नाही, त्यामुळे लांबचं यान फिकं करून चालत नाही. खोली दाखवायची ती आकारानं, झाकण्यानं आणि रेषेच्या जाडीनं. ए-3 कागदावर जवळच्या यानाला 0.8, मधल्याला 0.4, लांबच्याला 0.2 मिलिमीटर. त्याहून बारीक रेषा छपाईसाठी ए-4 वर लहान होताना तुटते.

प्रत्येक चौकटीच्या समासात सूर्याच्या दिशेचा बाण काढायची तुमची सवय आम्ही उचलली. सावलीची कड धारदार, आतला भाग सपाट काळा. उजळायचाच तर ग्रहाकडच्या बाजूला, तिथून परतलेल्या उजेडानं. स्फोटाला धुराचा खांब नको. तुकडे चहूबाजूंना सरळ रेषेत उडतात आणि यानाचा मूळ वेगही त्यांच्यात राहतो, म्हणून ढगाचा मध्यबिंदू यानाच्याच दिशेनं पुढे सरकलेला हवा. या एका सूचनेनं आमची लढाई खरी वाटू लागली.

आणि तारे! टूथब्रशनं पांढरा पोस्टर कलर शिंपडताना आधी यानं ट्रेसिंग पेपरनं झाकायची. रंग पातळ झाला तर वाळल्यावर राखाडी पडतो, म्हणून तो सायीइतका दाट. छपाईच्या फाइलमध्ये ताऱ्यांमागचं आकाश फक्त काळ्या शाईचं ठेवायला तुम्ही लावलंत, ते फार मोलाचं ठरलं. छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) एकावर एक आल्या की एखाद्या शाईची प्लेट केसभर हलली तरी बारीक ताऱ्यांना रंगीत कडा येतात. 300 डीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) तारा निदान तीन पिक्सेलचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा ठेवला. त्याहून लहान ठिपका शाई पसरून बुजतो.

सोबत दोन प्रती पाठवत आहोत. पुढच्या पानांच्या पेन्सिली तयार आहेत, शाई चढवण्याआधी त्यांवर तुमची लाल पेन्सिल फिरावी ही विनंती.

तुमची ऋणी,
कॉमिक मंडळी, बडोदा