तो गोल मी पाहिलाच नव्हता

हनुमान नगर, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
मनूचा साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर आई म्हणाली, "आवाज का असा येऊन राहिला गं? बरं नाही का?" मी "फुटबॉलमध्ये आमचं लिव्हरपूल हरलं" म्हटलं, तर तिकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. मग आई, तू म्हणालीस, "अगं, पस्तिशी आली तुझी. ती माणसं तुला ओळखत नाहीत, त्यांचं गाव तू पाहिलेलं नाहीस. इतकं काय मनाला लावून घेतेस?" तू रागावून विचारलं असतंस तर मीही चार शब्द ऐकवले असते. पण तू काळजीनं विचारलंस, म्हणून मला उत्तर सुचलं नाही. आज रविवार, बँकेला सुट्टी. तुम्ही दादाकडे पुण्याला गेल्यापासून रविवारी घर फारच शांत असतं. म्हणून लिहायला बसले.

आधी कालचं सांगते. आमच्याच मैदानावर, ॲनफिल्डवर, नॉटिंगहॅम फॉरेस्टनं आम्हाला ३-० हरवलं. याच मैदानावर २७ एप्रिलला टॉटनमला ५-१ हरवून लिव्हरपूलनं विसाव्यांदा इंग्लंडची लीग जिंकली होती. सात महिन्यांत ही दशा. उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांच्या वर खर्च करून नवे खेळाडू आणले. विर्ट्झ, इसाक, दोघंही गुणी आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण चेंडू पायातून गेला की तिघा-चौघांनी मिळून त्यावर तुटून पडायचं, ही आमची ओळख होती. ती पैशानं विकत आणता येत नाही अन् एका उन्हाळ्यात शिकवताही येत नाही. शिवाय ड्रेसिंग रूममध्ये एक जागा रिकामी आहे, ते कोणत्या हिशेबात धरायचं? ३ जुलैला दिओगो जोटा अन् त्याचा भाऊ स्पेनमध्ये मोटार अपघातात गेले. जोटाच्या लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. तुमचं पुण्याला जायचं सामान तेव्हा हॉलमध्ये बांधून ठेवलेलं होतं. मी बँकेतून डोळे सुजवून आले, तर आई, तू काही न विचारता ताट वाढलंस. जेवण झाल्यावर एवढंच विचारलंस, "लेकरं किती त्याला?" मी म्हटलं, तीन. तू उठून आत गेलीस. त्याचा २० नंबर क्लबनं आता कायमचा बाजूला ठेवला आहे, अन् मॅचच्या विसाव्या मिनिटाला लोक त्याचं गाणं म्हणतात. काल हरतानाही म्हटलं.

तर आई, "ती माणसं तुझी कोण" या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणजे बर्डीच्या फुटपाथवरचा तो टी-शर्ट.

२००१ ची दिवाळी. मी अकरा वर्षांची. मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी दीडशेचा टी-शर्ट घासाघीस करून ऐंशीला घेतला. त्याच गठ्ठ्यात एक निळाही होता अन् माझा हात निळ्याकडेच गेला होता. बाबा म्हणाले, "लाल घे, उठून दिसते." बस्स, एवढ्यावर ठरलं. निळा घेतला असता तर आज मी कुणाची असते, देव जाणे. घरी आल्यावर शेजारच्या दादानं सांगितलं, की छातीवर जे कार्ल्सबर्ग लिहिलंय ते बिअरचं नाव आहे. आईनं त्याच संध्याकाळी जुन्या साडीच्या पदराची पिवळी पट्टी कापून त्या अक्षरांवर शिवली अन् वर साखळी टाक्यानं तीन फुलं काढली. टाके इतके बारीक की पट्टी आधीपासूनच तिथं असावी असं वाटायचं. वरचा पक्षी तेवढा उघडा राहिला. चोचीत फांदी घेतलेला. हा कोणता पक्षी म्हणून मी शोधायला निघाले, तर तो लिव्हरपूल शहराचं चिन्ह निघाला. माझं सगळं तिथून सुरू झालं. पेपरातली खेळाची पानं कापून बाबांच्या एजी ऑफिसच्या जुन्या डायरीत खळीनं चिकटवायचे, आठवतं? खळीच्या वासानं त्या डायरीला मुंग्या लागल्या होत्या.

दुसरं उत्तर मला आज सकाळी परत एकदा मिळालं. कामानिमित्त बर्डीवर गेले होते. आज २३ नोव्हेंबर. झिरो माइलजवळ गोवारी स्मारकावर माणसं फुलं वाहायला आली होती. एक म्हातारी पायरीशी बसून राहिली होती. तिच्या हातातला हार तसाच होता, तिनं तो वाहिलाच नव्हता.

१९९४ साली मी चार वर्षांची होते, मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मला आठवतं ते आईनं सांगितलेलं. हिवाळी अधिवेशन चालू होतं, गोवारी बांधव मोर्चा घेऊन आले होते, संध्याकाळ झाली तरी त्यांचं म्हणणं ऐकायला कुणी आलं नाही. मग लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली अन् ११४ जीव गेले. बायका अन् लेकरं कितीतरी. बाबा सिव्हिल लाइन्समधून रात्री उशिरा पायी आले, जेवले नाहीत. फक्त म्हणाले, "रस्त्यावर चपलाच चपला होत्या." बाबा, त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही त्या चौकातून स्कूटर नेत नव्हतात, लांबून वळसा घालायचात. आम्ही लहान होतो तरी आम्हाला ते कळत होतं.

म्हणून हिल्सबरो मैदानावरच्या दुर्घटनेबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मला परदेशातली बातमी वाटली नाही. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड शहर, एफए कपची सेमीफायनल. लिव्हरपूलसमोर हेच नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं अन् लिव्हरपूलची माणसं एका बोगद्यातून सरळ आधीच भरलेल्या कठड्यांत शिरली. पुढे लोखंडी जाळी, मागून लोंढा. सहा मिनिटांत मॅच थांबवली, तोवर फार उशीर झाला होता. आज मेलेल्यांचा आकडा ९७ आहे. सत्त्याण्णवावा माणूस त्या दिवशीच्या इजेनं ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला. अन् दोष कुणाला दिला? मेलेल्यांना. दारू पिऊन आले होते म्हणाले. पोलिसांचे जबाब नंतर बदलले गेले होते, हे २०१२ मध्ये चौकशीत उघड झालं.

आई, ॲन विल्यम्सची गोष्ट मी तुला स्वयंपाकघरात सांगितली होती, तू मेथी निवडत होतीस. तिचा केव्हिन पंधरा वर्षांचा होता. सव्वातीनपर्यंत सगळे गेलेच होते, नंतरचं काही पाहायचं नाही, असं तपासात ठरवून टाकलं होतं. पण एका पोलीस शिपाई बाईनं सांगितलं, की तो त्यानंतरही जिवंत होता अन् "आई" म्हणाला. त्या एका शब्दासाठी ती माउली चोवीस वर्षं दारोदार फिरली, कागद गोळा करत राहिली. तुझ्या हातातली जुडी तशीच राहिली होती. २६ एप्रिल २०१६ ला ज्यूरीनं सांगितलं, की या माणसांचा मृत्यू बेकायदेशीरपणे ओढवला अन् प्रेक्षकांची काहीही चूक नव्हती. मी तुला फोन केला. तू विचारलंस, "ती बाई आहे का गं अजून?" मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी गेली. त्या संध्याकाळी देवापाशी तू दिवा जरा जास्त वेळ ठेवला होतास. मी पाहिलं होतं, बोलले नव्हते.

आता सांग, मी कसं म्हणू की ती माणसं माझी कोणी नाहीत?

माझी सगळी मतं इथूनच येतात. क्लबच्या मालकांबद्दल मला कधी जिव्हाळा वाटला नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी काही तिकिटं ७७ पौंडांची करायचं ठरवलं, तर सत्त्याहत्तराव्या मिनिटाला हजारो लोक मैदानातून उठून गेले. आपण २-० नं पुढे होतो, ती मॅच २-२ अशी सुटली. मला एका बरोबरीचं वाईट वाटलं नाही, चार दिवसांत मालकांना माघार घ्यावी लागली याचं बरं वाटलं. अन् २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढायचं ठरवलं, त्यात आमचंही नाव होतं, तेव्हा दोन दिवस मला घास गेला नाही. लोक रस्त्यावर आले अन् दोन दिवसांतच तो घाट मोडला. मालकानं माफी मागितली. मी अजून त्याला माफ केलेलं नाही, अन् करणारही नाही. क्लब त्यांच्या कागदावर आहे. पण तो उभा राहिला तो त्या कठड्यांत उभ्या राहणाऱ्यांच्या जिवावर.

२०१४ मध्ये आमचा कॅप्टन जेरार्डचा पाय घसरला अन् लीग हातची गेली, ते लिहीत नाही. २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग आली तीही लॉकडाऊनमध्ये, मँचेस्टर सिटी चेल्सीकडून हरली म्हणून. बाबांनी विचारलं होतं, "आपण खेळलोच नाही, तर जिंकलो कसे?" मी गुणतक्ता काढून दाखवला, तेव्हा पटलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२५ मे २००५. त्याच दिवशी नवतपा लागला होता. दहावीचा निकाल यायचा होता. आई अन् दादा गच्चीवर पाणी शिंपडून झोपले होते. चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली. मी तो लाल टी-शर्ट घालून बसले होते, दंडाला काचत होता तरी. पोरगी एकटी नको म्हणून तुम्ही कूलरशेजारच्या खुर्चीत बसलात. तुम्ही क्रिकेटचे, तुम्हाला ऑफसाइडसुद्धा माहीत नव्हता. पहिल्याच मिनिटाला मालदिनी, मग क्रेस्पोचे दोन. हाफ टाइमला मिलान ३-०. मी म्हटलं, "संपलं." तुम्ही म्हणालात, "अर्धी मॅच बाकी आहे ना? मग संपलं कसं?" आदल्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियानं आपल्याला कसोटीत व्हीसीएच्या मैदानावर ३४२ धावांनी धुतलं, तेव्हा शेवटची विकेट पडेपर्यंत जागेवरून न उठलेला माणूस हे बोलत होता. पण मी ऐकलं नाही. मी रडत गच्चीवर गेले अन् आईच्या शेजारी पालथी पडले.

दीडच्या सुमारास जिन्यावर तुमची पावलं वाजली. "मनू, खाली ये. दोन झाले." कूलरमध्ये पाणी टाकता टाकता तुम्ही तसेच वर आला होतात, अर्धी भरलेली बादली हातात. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली. जिन्यातच तुम्ही मला सांगितलं, "त्या आठ नंबरवाल्यानं डोक्यानं मारला. मारला अन् असा पळत आला," असं म्हणत दोन्ही हात खालून वर, खालून वर केले. पाणी पायऱ्यांवर सांडलं. तुमच्या चेहऱ्यावर मी तसं काही आधी पाहिलं नव्हतं.

मी खाली पोचले अन् अलोन्सोची पेनल्टी अडवली गेली, परत आलेला चेंडू त्यानं जाळ्यात मारला. ३-३. तो मी पाहिला. शेवचेन्कोचे दोन फटके डुडेकनं कसे अडवले, पेनल्ट्या, सगळं पाहिलं. तीन वाजता आई खाली आली. "कोण जिंकलं?" तुम्ही म्हणालात, "आपण." तिनं चहा टाकला.

पण जेरार्डचा तो हेडर मी पाहिला नाही. स्मिचेरनं मारलेला दुसरा गोलही नाही. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की मी पाहिला. कॉलेजात, बँकेत, तुमच्यासमोर पाहुण्यांनासुद्धा. हात खालून वर करूनही दाखवते, ती तुमची नक्कल असते. तुम्ही खुर्चीत बसून ऐकत असता अन् एकदाही मला खोडलं नाहीत. त्या आठ नंबरवाल्याचा, म्हणजे जेरार्डचा, नात्यातला दहा वर्षांचा भाऊ हिल्सबरोत गेला होता, मेलेल्यांत सगळ्यांत लहान, हे मला फार नंतर कळलं. तेव्हापासून तो गोल मी पाहिला असं म्हणताना जीभ अडखळते. यापुढे कुणी विचारलं तर सांगेन, की बाबांनी पाहिला.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळवा. झालं की फोनवर मला एकदा तो गोल परत सांगा, आधी कोणी पास दिला तिथपासून.

शेजारच्या काकू शुक्रवारी पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर संत्री अन् थोडी सांबारवडी पाठवते. पिशवीत तळाशी तो लाल टी-शर्ट आहे. आई, पिवळ्या पट्टीची डावी बाजू उसवली आहे अन् मधल्या फुलाचे टाके सुटलेत. मी सुई घेतली होती, पण तुझ्यासारखे बारीक जमत नाहीत. तुझा हात दुखत नसेल तेव्हा घालून ठेव.

बुधवारी रात्री दीडला मॅच आहे. जागणार आहे, रागावू नका.

तुमची,
मनू