मराठी मालिकांना मराठी सबटायटल्स हवीत

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

महोदय,

टीव्हीच्या पडद्यावर अक्षरे उमटली की डोळे आपसूक तिकडे जातात. त्यासाठी वाचायचे असे ठरवावे लागत नाही. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रेक्षकांच्या नजरेची हालचाल नोंदवली, तेव्हा सबटायटल्सची सवय नसलेले अमेरिकी प्रेक्षकही इंग्रजी चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स वाचत असल्याचे दिसले. संवाद कानाने पुरते कळत असूनही त्यांची नजर बराच वेळ अक्षरांवर होती. आपल्या वृत्तवाहिन्यांना हे मर्म फार पूर्वीच कळले असावे, एरवी एका बातमीखाली दोन-दोन पट्ट्या कशाला धावल्या असत्या!

याच ओढीचा उपयोग साक्षरतेसाठी करण्याची कल्पना भारतातच रुजली. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी ती १९९६ मध्ये मांडली, १९९९ मध्ये दूरदर्शनच्या अहमदाबाद केंद्रावर गुजराती चित्रपटगीतांसोबत ती अमलात आली आणि पुढे ‘चित्रहार’, ‘रंगोली’पर्यंत पोहोचली. गाण्याच्या ओळी त्याच भाषेत पडद्यावर येत आणि गायक जो शब्द गाई त्याचा रंग बदलत जाई. गाणे निवडण्यामागे मोठी जाण होती. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, शब्द बहुतेकांना पाठ असतात, त्यामुळे शाळा सुटल्यावर वाचन विसरत चाललेल्या माणसालाही पुढचे अक्षर ओळखता येते, आणि आपली परीक्षा चालली आहे असे त्याला वाटत नाही.

कायदाही या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा किंवा सबटायटल्सची तरतूद आहे आणि आपल्याच मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये त्याची मानके जाहीर केली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक आहे. तरीही संध्याकाळच्या मराठी मालिकांमध्ये मराठी सबटायटल्स अभावानेच दिसतात. ओटीटीवर मात्र त्याच मालिकांना अनेकदा इंग्रजी सबटायटल्स असतात.

वेळ आणि खर्च यांची सबब मला पटत नाही, कारण मालिकेचे संवाद चित्रीकरणाआधीच लिहिलेले असतात. भाग ऐनवेळी तयार होतो ही अडचण खरी मानली, तरी दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाला ती लागू पडत नाही. सुरुवात तिथूनच व्हावी.

सबटायटल्स रिमोटच्या बटणामागे ठेवण्याची सूचना आपल्यासमोर येईल. ज्याला ऐकू येत नाही तो प्रेक्षक ते बटण शोधील, पण ज्याचे वाचन कच्चे आहे तो कधीच शोधणार नाही, आणि नजरेची ओढ तर अक्षरे समोर असली तरच काम करते. म्हणून निदान चित्रपटगीतांचे कार्यक्रम आणि पुनःप्रक्षेपित मालिका यांवर ती कायम दिसावीत. पडद्याच्या तळाच्या दोन ओळी त्यांच्यासाठी राखून जाहिरातींच्या पट्ट्या अन्यत्र हलवाव्यात. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येत असल्याने ओळींत पुरेसे अंतर असावे. शब्द आवाजाबरोबरच यावा, कारण तो आधी आला तर विनोद वाया जातो. शुद्धलेखन तपासण्याची जबाबदारी वाहिनीवर असावी. सध्याच्या बातम्यांच्या पट्ट्या पाहता हे वेगळे सांगावे लागते.

सह्याद्री वाहिनी आपल्याच अखत्यारीत येते. तिच्यावरील मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी तसा आदेश आपण प्रसार भारतीला द्यावा आणि २०१९ च्या मानकांचे मराठी खासगी वाहिन्यांनी किती पालन केले, याचा वाहिनीनिहाय अहवाल जनतेसाठी खुला करावा, ही विनंती.

आपला,
एक मराठी प्रेक्षक