आप्पा, नळी अजून आमच्याकडेच आहे

आप्पा, राम राम.

यावल तालुक्यातल्या आमच्या शाळेत तुम्ही जूनअखेरीस आलात ते तुमची गवंडीकामातली लेव्हलची नळी, म्हणजे पाणी भरून दोन जागांची पातळी जुळवायची नळी, द्यायला. 'देऊन जातो, घाई आहे' म्हणालात आणि दुपारपर्यंत थांबलात. तुमचा तो रोज बुडाला, म्हणून हे जाहीर पत्र.

आठवीला हवेचा दाब शिकवायचा होता. पुस्तकात पाऱ्याची नळी, हवेच्या दाबानं तिच्यात पारा ७६० मिलिमीटर उभा राहतो. पारा विषारी, तो मुलांत कोण आणणार? इटलीतल्या टॉरिचेली या शास्त्रज्ञानं १६४३ मध्ये पारा घेतला तो नळी आखूड व्हावी म्हणून. पाण्याला तेरापट उंची लागते. मी बाजारातून पातळ नळी आणली होती. वर ओढताच ती चपटी झाली आणि पोरं हसली.

तुमची नळी जाड, १४ मीटरची. मी ती घाईनं भरायला लागलो तर तुम्ही हात धरलात. "मास्तर, नळीमां बुडबुडा ऱ्हायना ते लेवल खोटी." म्हणजे बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. अख्खी नळी हौदात बुडवून तुम्ही बोटानं टिचक्या मारत हवा काढलीत, एक तोंड दुमडून तारेनं आवळलंत आणि तेच टोक घेऊन पाण्याच्या टाकीचा जिना चढलात. दुसरं टोक खाली बादलीत.

साडेनऊ मीटरच्या आसपास पाणी थांबलं. तुम्ही नळी आणखी ओढलीत, पाणी तिथंच. वर नुसती पोकळी आणि पाण्यातून बुडबुडे. मी शिकवत आलो होतो १०.३ मीटर, पण तो आकडा समुद्रकाठचा. आपण दोनशे मीटर उंचावर, इथं हवेचा दाब थोडा कमी, त्यात उकाड्यानं झालेली वाफ त्या पोकळीतून पाण्याला खाली दाबते.

मग एका मुलीनं विचारलं, "आमच्या विहिरीवरची मोटार पाणी कसं ओढते?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही जिन्यावरूनच सांगितलंत, की पाणी खाली गेलं तसे तुम्ही विहिरींत ओटे बांधत गेलात आणि मोटारी खाली उतरवल्यात. वरची मोटारही हवेच्या दाबावरच पाणी चढवते; पंचवीस फुटांपलीकडे ती दमते, हे तुम्हाला हातानं माहीत होतं. 'का ते आज दिसलं' म्हणत तुम्ही खाली उतरलात आणि बादलीजवळ बराच वेळ बसून राहिलात. माझ्या नोकरीत इतकं लक्ष देऊन कुणी तास केलेला नाही.

टाकीच्या खांबावर गेरूची रेघ आहे. जानेवारीत पहाटे, गारठ्यात, पाणी त्या रेघेच्या किती वर थांबतं ते मुलांना बघायचंय. तोवर नळी ठेवू का? आणि जिना चढायला तुम्हीच या.

तुमचा,
मास्तर