व्ह्यूज छापता, हिशेबही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

यूट्यूबवर 'घरबसल्या लाखो' कमावणाऱ्यांच्या यशोगाथा मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून येत असतात. सबस्क्रायबर किती, व्ह्यूज किती हे त्यांत ठळक असते. हातात रुपये किती पडले आणि पडेपर्यंत कुठे कुठे कापले गेले, यावर मात्र एक ओळ नसते. ती रिकामी जागा मग 'महिन्याभरात मॉनिटायझेशन' (चॅनेलवरून कमाई सुरू होणे) विकणारे क्लास भरून काढतात. आम्ही मुंबईतल्या लहान मराठी चॅनेलांचे एडिटिंग आणि हिशेब पाहतो. यशोगाथेत न येणारा भाग तेवढा इथे मांडतो.

जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) १ कोटी व्ह्यूज. त्याच्या आधी एक खालची पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३००० तास. तिथे मेंबरशिप, सुपर चॅट अशा गोष्टी उघडतात, जाहिरातीचा एक पैसाही येत नाही. क्लासवाले बहुधा हीच पायरी 'मॉनिटायझेशन' म्हणून दाखवतात. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. आठ मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी तीन मिनिटे पाहत असतील, तर ८० हजार व्ह्यूज हवेत, तेही १२ महिन्यांच्या आत. ही मुदत रोज पुढे सरकते. गेल्या दिवाळीत चाललेल्या फराळाच्या व्हिडिओचे तास या दिवाळीला गळायला लागतात. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेली मिनिटे यात धरत नाहीत. आणि जुने व्हिडिओ बरे दिसत नाहीत म्हणून ते डिलीट किंवा प्रायव्हेट केले, तर त्यांचे तासही गेले. ही साफसफाई नेमकी अर्ज करायच्या आठवड्यात करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

विकत घेतलेले तास आणि 'तू माझे कर, मी तुझे करतो' छापाचे सबस्क्रायबर यांवर पैसे घालवू नयेत. ते गाळले जातात, आणि चुकून टिकले तरी अर्जानंतर चॅनेल तपासले जाते. त्यात चॅनेलचा मुख्य विषय, सर्वांत जास्त पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, वॉच टाइमचा मोठा वाटा ज्यांतून आला ते व्हिडिओ, शीर्षके-थंबनेल आणि 'अबाउट'मधला मजकूर पाहतात. मालिकांचे तुकडे, बातम्यांच्या क्लिपवर दिलेला आवाज, एकाच साच्यातून काढलेले पन्नास 'सुविचार' इथे अडकतात. १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने साच्यातून काढलेल्या अशा मालाबद्दलचा नियम अधिक स्पष्ट शब्दांत मांडला आहे. पहिल्यांदा नकार आला तर पुढचा अर्ज ३० दिवसांनी करता येतो. ते दिवस वाट पाहण्यात घालवू नयेत. अडचणीचे व्हिडिओ काढावेत आणि स्वतःचा आवाज, स्वतःचे हात, स्वतःचे काम दिसेल असे नवे टाकावेत.

आता दर. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, दिसणारा 'सीपीएम' हा जाहिरातदाराने मोजलेला दर असतो. आपल्या कामाचा आकडा 'आरपीएम', म्हणजे हजार व्ह्यूजमागे आपल्या पदरात काय पडले तो. समजा तो ३० रुपये आहे, तर लाख व्ह्यूजचे झाले ३ हजार. भाषा, विषय आणि प्रेक्षक कुठल्या देशातला यावर हा आकडा कितीतरी पट बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या व्ह्यूजवरून त्याची कमाई काढणे व्यर्थ. शॉर्ट्सचा हिशेब निराळा. त्यांच्या व्ह्यूजच्या वाट्याला आलेल्या १०० रुपयांतून, एक गाणे वापरले असेल तर अर्धे संगीताच्या परवान्याला जातात, दोन गाणी असतील तर दोनतृतीयांश. उरलेल्यातले ४५ टक्के आपले. गाण्याशिवाय ४५ रुपये, एका गाण्यासह साडेबावीस, दोन गाण्यांसह १५. ट्रेंडिंग गाणे लावले की रीच वाढतो हे खरेच, पण त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

व्हिडिओ ८ मिनिटांचा झाला की मध्ये जाहिराती घालता येतात. त्यापायी पाच मिनिटांची पुरणपोळी आठ मिनिटे लाटत बसतात आणि लोक तिसऱ्या मिनिटाला निघून जातात. मध्यावरच्या जाहिरातीपर्यंत कोणी पोचलेच नाही, तर ती घालून काय मिळणार? त्यापेक्षा रिटेन्शनचा (लोक कुठपर्यंत टिकले त्याचा) आलेख उघडून पहिली तीस सेकंदे पाहावीत. 'नमस्कार मंडळी'पासून 'बेल दाबायला विसरू नका'पर्यंत तो कड्यावरून उतरावा तसा उतरतो. आणखी एक, दसरा-दिवाळीच्या हंगामात दर चढतात आणि जानेवारीत घसरतात. नोव्हेंबरच्या कमाईच्या भरवशावर कॅमेऱ्याचा हप्ता बांधू नये.

सर्वांत जास्त माणसे अडकतात ती पैसे हातात येण्याच्या टप्प्यावर. अ‍ॅडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे जमा होणाऱ्या गूगलच्या खात्यात) १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पिन छापलेले पत्र साध्या टपालाने निघते. त्याला ट्रॅकिंग नंबर नसतो, यायला दोन ते चार आठवडे लागतात. चाळीत एकाच खोली क्रमांकाची खोली दोन विंगांत असते, इमारत पाडून भाड्याच्या घरात गेलेल्यांचा पत्ता कागदोपत्री जुनाच असतो, आणि टॉवरमध्ये असली पत्रे वॉचमनच्या टेबलावर वीजबिलांच्या गठ्ठ्यात पडून राहतात. म्हणून सध्या राहतो तोच पत्ता विंग, खोली, जवळची खूण आणि पिनकोडसह द्यावा, पत्रपेटीवर नाव चिकटवावे आणि वॉचमनला सांगून ठेवावे. पत्र आले नाही तर आणखी तीनदा मागवता येते, तेही फसले तर ओळखपत्र अपलोड करण्याची सोय मिळते. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही, तर जाहिराती थांबतात.

नावाची गफलत याहून वाईट. पॅनवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, अ‍ॅडसेन्समध्ये मधले नाव गाळून तिसरेच, हा प्रकार घरोघरी सापडतो. आधी पॅन आणि बँक खाते एका नावावर आणावे, मग तेच नाव अक्षरशः अ‍ॅडसेन्समध्ये लिहावे. पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात, त्यामुळे खाते 'स्विफ्ट'ची (परदेशी बँकांशी जोडणाऱ्या जाळ्याची) सोय असलेल्या बँकेत हवे. पतपेढीचे खाते इथे चालत नाही. सहकारी बँकेत असेल तर परदेशी रक्कम थेट जमा होते की दुसऱ्या बँकेमार्फत, आणि त्यात किती कापतात, हे शाखेत जाऊन आधीच विचारून घ्यावे. मागच्या महिन्याचा पक्का आकडा ७ ते १२ तारखेदरम्यान लागतो आणि पैसे २१ ते २६ दरम्यान निघतात, तेही शिल्लक १०० डॉलर झाली असेल तरच. महिन्याला १२ डॉलर कमावणाऱ्या चॅनेलला १०० डॉलर जमायला नऊ महिने लागतात आणि पहिली रक्कम दहाव्या महिन्यात निघते. हे आधी माहीत असले की चौथ्या महिन्यात 'पैसे बुडाले' असे वाटत नाही.

अमेरिकेतला मराठी माणूस आपले व्हिडिओ आवडीने पाहतो, म्हणून तिथला करही आपल्या वाट्याला येतो. अ‍ॅडसेन्समध्ये डब्ल्यू-८बीईएन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरून पॅन द्यावा आणि भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागावा, म्हणजे अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापतात. करार न मागता नुसता फॉर्म भरला तर ३० टक्के. फॉर्मच भरला नाही तर साऱ्या जगातून आलेल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. महिन्याचे २०० डॉलर आले आणि त्यांतले ४० अमेरिकेचे असले, तर ही कपात अनुक्रमे ६, १२ आणि ४८ डॉलर होते. दहा मिनिटांच्या फॉर्मपायी एवढा फरक पडतो. तिथे कापलेला कर इथल्या विवरणपत्रात दाखवून वजावट मागता येते. त्यासाठी गूगलकडून येणारा कर कापल्याचा कागद (१०४२-एस) जपून ठेवावा, आणि बँकेकडूनही परदेशी रक्कम जमा झाल्याचा कागद दर वेळी मागून ठेवावा.

गाण्यांबद्दल गैरसमज फार आहेत. लालबागची किंवा गिरगाव चौपाटीवरची विसर्जन मिरवणूक शूट केली, तर ढोल-ताशाच्या आवाजाने सहसा काही बिघडत नाही, पण मागून बँजोवाले किंवा डीजे सिनेमाचे गाणे वाजवत गेला की कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम (मालकीचा दावा) येतो आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळते. 'तीस सेकंद गाणे चालते' आणि 'खाली क्रेडिट दिले की झाले' या दोन्ही समजुतींना काही आधार नाही. क्लेम म्हणजे स्ट्राइक (नियमभंगाची अधिकृत नोंद) नव्हे, चॅनेलला त्याने धोका नसतो. धोका आहे तो घाबरून किंवा चिडून ठोकलेल्या डिस्प्यूटमध्ये (क्लेमवरच्या हरकतीत). मालकाला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, आणि आपली बाजू लंगडी असेल तर प्रकरण व्हिडिओ काढून टाकण्यावर व स्ट्राइकवर जाऊ शकते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होण्याची वेळ येते. क्लेम आला तर स्टुडिओतच तेवढा भाग कापता येतो, गाणे बदलता येते किंवा फक्त गाण्याचा आवाज बंद करता येतो. याहून सोपे म्हणजे मिरवणुकीत उभे असतानाच ताशाचा दोन मिनिटांचा स्वच्छ आवाज वेगळा रेकॉर्ड करून आणावा आणि डीजेच्या दृश्यांखाली तो टाकावा. अपलोड करताना व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवला, तर तपासणीच्या पायरीवर क्लेम आधीच कळतो.

अभंगांचेही असेच. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, त्यांना एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल आणि एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण सर्वांचे नाही. भारतीय कायद्यात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. वारकरी परंपरेतल्या चालीत आपण स्वतः टाळ-मृदंगावर म्हटलेल्या अभंगावरही यंत्र कधी कधी क्लेम लावते. तिथे डिस्प्यूट जरूर करावा, आणि चाल पारंपरिक व आवाज आपला हे दोन ओळींत लिहावे.

चित्रीकरणाबद्दल फार लिहीत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फोन ३० फ्रेमवर आणि शटर १/६० वर असेल तर ट्यूबलाइट-एलईडीखाली पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की ते जातात. पैसे मोजकेच असतील तर कॅमेऱ्याच्या आधी लॅमिंग्टन रोडवर जाऊन कॉलर माइक घ्यावा. पंखा बंद करून शूट करणे मुंबईत मे महिन्यात जिकिरीचे आहे, पण त्याची घरघर नंतर काढायला गेले की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

जाहिरातीच्या वाट्यावर घर चालते अशी लहान मराठी चॅनेले आमच्या पाहण्यात विरळा. पैसा येतो तो ब्रँडकडून, नाहीतर आपलाच मसाला किंवा क्लास विकून. ब्रँडचे काम फोनवर ठरवू नये. व्हिडिओ किती, दुरुस्त्या किती वेळा, आपला चेहरा ते त्यांच्या जाहिरातीत किती महिने वापरणार आणि पैसे कोणत्या तारखेला, हे ईमेलवर यावे. 'एकदाच थोडे बदला' म्हणत सहा वेळा एडिट करून घेणारे भेटतात. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायाची सरकारी नोंद) मोफत होते. ती असली की सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याचा आधार मिळतो: पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. कामाच्या आधी हे एका वाक्यात कळवले तरी पुष्कळ फरक पडतो. पैशांऐवजी फोन-मिक्सर दिला आणि तो आपल्याकडेच राहिला, तर तेही उत्पन्नच. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांवरच्या अशा लाभावर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस भरावा लागतो. आणि व्हिडिओ मराठी असेल तर तो जाहिरात आहे हे मराठीतच, सुरुवातीला, ठळक सांगावे. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत ते लपवणे नियमांत बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि ती जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू होते.

ब्रँडच्या नावानेच चॅनेल चोरीलाही जाते. 'कोलॅबोरेशन'चा मेल येतो, सोबत पासवर्ड लावलेली झिप फाइल असते, आत 'करारपत्र'. ते लॅपटॉपवर उघडले की ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरीला जातात, आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपी) असूनही चोराला ओटीपीची गरजच उरत नाही. ब्रँडशी बोलायचा मेल आणि चॅनेलचा मेल वेगळे ठेवावेत, चॅनेल ज्या लॅपटॉपवर लॉगिन आहे त्यावर असल्या फाइली उघडू नयेत, आणि एडिटरला पासवर्ड न देता स्टुडिओतल्या परवानग्यांतून 'एडिटर'चाच हक्क द्यावा (आम्हालाही). चॅनेल गेल्याचे लक्षात आल्यावर पासवर्ड बदलून सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, यूट्यूबच्या सपोर्टला लगेच कळवावे आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसेही गेले असतील तर आधी १९३० वर फोन करावा.

कळावे,
आपले,
चॅनेलांचे एडिटिंग व हिशेब पाहणारे काही जण,
गिरगाव, मुंबई