खडखड्या, टूथपिक आणि मार्चअखेर

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

रब्बी ज्वारीत खडखड्याला, म्हणजे ताट आतून पोखरून लोळवणाऱ्या बुरशीच्या रोगाला, दाद न देणारा वाण हवा असेल, तर निधी वर्षावर्षाला न तोडता सलग सात वर्षांचा द्या.

ही बुरशी, मॅक्रोफोमिना, शेकडो वनस्पतींवर जगते आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. फुलोऱ्यानंतर ओल तुटली, की दाणा भरण्यासाठी ताटातली साखर कणसाकडे ओढली जाते आणि कमजोर बुंध्यातून बुरशी वर चढते. असे ताट चिरले तर आत नुसते धागे आणि त्यांवर मिरपुडीसारखे काळे ठिपके. ताट लोळले की दाणा जातो, कडब्यालाही गिऱ्हाईक उरत नाही.

चाचणी साधी दिसते. टूथपिक पुन्हापुन्हा उकळून त्यांतली मारक द्रव्ये काढायची, निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवायची. फुलोऱ्यानंतर दहाएक दिवसांनी, खालून दुसऱ्या कांड्यात तिरपे भोक पाडून टूथपिक खोचायची. काढणीला ताट उभे चिरून बुरशीने किती पेरे ओलांडली ते मोजायचे. पण डिसेंबरात अवकाळी सर आली, की सगळेच वाण प्रतिकारक दिसतात! त्याहून फसवी हलक्या कणसाची ताटे: दाणाच नाही, म्हणून साखर ताटातच राहते आणि ताट हिरवे. दाण्याचे वजन न पाहता निवड केली, तर हिरवीगार नापिकी पदरात पडते.

इथे एका जनुकाने भागत नाही. इथिओपियाई मुळाच्या बी 35 या ज्वारीतले ‘स्टे-ग्रीन’चे, म्हणजे दाणा भरतानाही ताट हिरवे ठेवणारे, चार जनुकीय पट्टे माहीत आहेत. ते मोहोळला निवडलेल्या मालदांडी एम 35-1 मध्ये आणायचे, आणि भाकरी मात्र मालदांडीचीच राहायला हवी. त्यासाठी एक संकर, पाच प्रतिसंकर, म्हणजे संततीचा पुन्हापुन्हा मालदांडीशीच संकर (तेव्हा सरासरी 98.4 टक्के मालदांडी परत मिळते) आणि एक स्वपरागण, अशा सात पिढ्या. उन्हाळी पीक घेऊन त्या चार वर्षांत बसतात. पुढच्या तीन वर्षांच्या चाचण्या मात्र रब्बीतच.

2023 च्या भरडधान्य वर्षात फलक पुष्कळ लागले. आता पैसे ऑगस्टअखेर हातात पडू द्या, कारण पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते आणि ताटे चिरायची वेळ नेमकी बिले बंद होण्याच्या धांदलीत येते. पाऊस आला की पिकावर सरकवता येईल असे छत आणि कायमचा रोगट प्लॉटही हवा. प्रत्येक चाचणीत हमखास लोळणारा एक वाण असतो. ज्या वर्षी तोच उभा राहील, त्या वर्षीचे आकडे बाद धरा. निधी मात्र कापू नका.

आपले,
ज्वारी पैदास व रोगशास्त्रातील कार्यकर्ते, सोलापूर